रायडिंग मोवरचं स्टिअरिंग ढिलं झालंय? गिअर मागवायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की खारघरला शाळेच्या मैदानावर बसून चालवायचा लॉन मोवर आहे, स्टिअरिंग जवळजवळ वीतभर फिरवलं तरी पुढची चाकं हलत नाहीत, सरळ चालवताना मशीन कधी डावीकडे कधी उजवीकडे ओढतं आणि कापणीचे पट्टे वाकडे येतात. एकाने सांगितलं गिअर सेट गेलाय, दुसरा म्हणाला दातांवर वेल्डिंग मारून घ्या, आणि तुमच्या मनात आहे की एकदाच खर्च करून पॉवर स्टिअरिंगच बसवावं का. मी रबाळे एमआयडीसीत बागकामाची मशीन दुरुस्त करतो, कंपन्यांच्या लॉनवरचे आणि घोडबंदर रोडच्या मोठ्या सोसायट्यांमधले मोवर नेहमी हाताखालून जातात, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितोय.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न गिअरचा नाहीच, हा वीतभर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, कुठून कुठून जमा झालाय हा आहे. स्टिअरिंग व्हीलपासून चाकापर्यंत सांधे मोजले तर आठ-दहा तरी निघतात आणि प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजलेला असतो. गिअर सगळ्यात महाग आणि नजरेत भरणारा भाग, म्हणून लोक तोच आधी बदलतात, मग प्ले अर्धाच कमी होतो आणि नव्या गिअरचे पैसे वाया गेले असं वाटायला लागतं.

थोडं गणित करून बघा म्हणजे पटेल. समजा स्टिअरिंग व्हील १४ इंची, म्हणजे त्रिज्या साधारण १८० मिमी. त्याच्या दांड्याच्या खालच्या टोकाला पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक, त्याची त्रिज्या धरा १२ मिमी. तो फिरवतो सेक्टर गिअरला, म्हणजे ती पंख्याच्या आकाराची दात असलेली प्लेट, तिच्या दातांची त्रिज्या धरा ९० मिमी, आणि ड्रॅग लिंक, म्हणजे सेक्टरपासून चाकाकडे जाणारी सळई, ज्या भोकात अडकवलीय ते भोक मध्यापासून ४५ मिमीवर. आता लिंकच्या सांध्यात फक्त १ मिमी प्ले असेल तर तो दातांपाशी होतो २ मिमी आणि हातात रिमवर येतो ३० मिमी. म्हणजे लिंकच्या दोन टोकांना दीड-दीड मिमी झीज असली, जी डोळ्याला धड दिसतही नाही, तरी रिमवर ९० मिमी प्ले तयार, आणि गिअरला अजून हातही लावलेला नाही. तुमच्या मशीनची मापं थोडी वेगळी असतील पण हिशोब असाच चालतो.

काही गोष्टी मात्र मॉडेलवर अवलंबून आहेत. काही मशीनला सेक्टरकडून एकाच चाकाला ड्रॅग लिंक जाते आणि दोन्ही चाकं टाय रॉडने जोडलेली असतात, काहींना सेक्टरमधून दोन्ही चाकांना दोन वेगळ्या लिंक जातात आणि टाय रॉड नसतोच. काहींचा पुढचा ॲक्सल बिडाचा असतो, स्वस्त मॉडेलना पत्रा वाकवून केलेला. आणि दोन लिव्हरवर चालणारा झिरो टर्न मोवर असेल तर हे उत्तर त्याला लागू नाही. तुम्ही स्टिअरिंग व्हील म्हणालात म्हणून मी पिनियन-सेक्टरवालं मशीन धरून चाललोय.

आता तपासणी. चावी काढा, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्या. सगळ्यात आधी टायरची हवा बघा, कारण एका टायरमध्ये हवा कमी असली की मशीन त्याच बाजूला ओढतं आणि लोक स्टिअरिंग उघडत बसतात. पुढच्या छोट्या टायरना साधारण १० ते १५ पीएसआय लागते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तो घ्या. टायर पंक्चरवाल्याकडे सवयीने कारसारखी ३० भरतात तसं करू देऊ नका.

मग मशीन जमिनीवरच ठेवून, चाकांवर वजन असताना, एका माणसाला स्टिअरिंग जेवढा प्ले आहे तेवढ्यातच हळूहळू डावी-उजवी हलवायला सांगा, जोर लावायचा नाही. तुम्ही खाली बसून वरून खाली एकेक सांध्यावर बोट ठेवत जा, बोट अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल असं. एक भाग हलतोय आणि दुसरा थांबलाय हे डोळ्याच्या आधी बोटाला कळतं. सुरुवात व्हील दांड्यावर जिथे बसतं तिथून करा, तिथला बोल्ट किंवा पिन ढिली असणं हा सगळ्यात स्वस्त आजार आहे आणि तो बऱ्याच वेळा सापडतो. मग दांड्याचा खालचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी), मग पिनियन-सेक्टर, सेक्टरची मधली पिन, लिंकची दोन्ही टोकं, मग चाकाजवळचे हात, आणि सेक्टर ज्या प्लेटवर बसवलाय ती प्लेट चेसिसला घट्ट आहे का, तिचे बोल्ट ढिले नाहीत ना, भोकाजवळ तडा नाही ना तेही बघा. खडूने प्रत्येक सांध्याजवळ जास्त, मध्यम, ठीक अशी खूण करून ठेवा.

याच वेळी अजून एक परीक्षा करा. स्टिअरिंग सरळ असताना किती प्ले आहे ते रिमवर मोजा, आणि मग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून तिथे मोजा. मधे खूप आणि टोकांना कमी असेल तर सेक्टरचे मधले दात झिजलेत, कारण मोवर बहुतेक वेळ सरळ चालतो आणि तेच चार-पाच दात सगळा मार खातात. सगळीकडे सारखाच प्ले असेल तर दोष बुश आणि लिंकमध्ये आहे, गिअर मागवायची घाई करू नका.

यानंतर पुढचा भाग उचला. जॅक चेसिसखाली लावा आणि लगेच खाली भक्कम स्टँड द्या, नुसत्या जॅकवर कोणीही हात खाली घालू नका. चाक वर आणि खाली असं धरून हलवा. चाकाचा हब ॲक्सलच्या टोकावर हलतोय की चाकासकट ती उभी पिन, म्हणजे स्पिंडल, ॲक्सलच्या नळीत हलतेय हे नीट बघा, दोन्ही वेगळे आजार आहेत. पहिल्यात चाकाचे बुश गेलेत, दुसऱ्यात स्पिंडलचे. मग ॲक्सल मधोमध ज्या पिनवर डुलतो तिथे पहार घालून पुढे-मागे हलवा. तिथे बोटभर हलत असेल तर बाकी सगळं नवं केलं तरी मशीन सरळ जाणार नाही.

स्पिंडलच्या बुशबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो आणि तिकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. पावसाळ्यात गवत भराभर वाढतं म्हणून मशीन नेमकं जून ते ऑक्टोबर सगळ्यात जास्त चालतं, आणि तेव्हाच खाली लाल चिखल आणि रेती असते. ती रेती ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीस व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करायला लागतं. स्पिंडल काढून डिझेलने धुवा आणि बोटाने पिनवरून वरपासून खालपर्यंत जा, जिथे बुश बसतो तिथे एक पायरी लागेल. ती पायरी हाताला ठळक लागत असेल तर नुसता नवा बुश टाकून काही उपयोग नाही, पिन त्यात पुन्हा हलणारच.

पिन चांगली असेल तर काम सोपं आहे. कंपनीचा बुश बहुतेक प्लास्टिकचा किंवा भुकटी दाबून केलेल्या तेल प्यायलेल्या धातूचा असतो. मी त्याच्या जागी गनमेटलचा (एक प्रकारचं कांसं) बुश लेथवर करून घेतो. पिनचं माप झिजलेल्या जागी घेऊ नका, वर सर्क्लिपच्या (पिनला अडवणाऱ्या कडीच्या) खाली जिथे बुश लागत नाही तिथे व्हर्नियर लावा. पुष्कळ मशीनना ही पिन पाऊण इंची म्हणजे १९.०५ मिमी असते. बाहेरून बुश नळीत ०.०३ ते ०.०५ मिमी टाइट ठेवायचा, आतून मात्र थोडा कमीच ठेवायचा, कारण दाबून बसवला की भोक आवळतं. बसवल्यावर वरच्या-खालच्या दोन्ही बुशमधून एकदमच लांब रिमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) मारायचा म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत येतात, आणि पिनपेक्षा ०.०५ ते ०.०८ मिमी मोकळं ठेवायचं. बुश हातोड्याने ठोकू नका, आटे पाडलेली सळई आरपार घालून दोन्हीकडे जाड वायसर आणि नट लावून हळूहळू ओढून घ्या, सरळ बसतो. तेल प्यायलेला बुशच परत टाकणार असाल तर त्याला रिमर मारू नका, आतली छिद्रं बुजतात आणि तेल बाहेर येणं थांबतं.

पिन झिजलेली असेल तर दोन रस्ते आहेत, नवा स्पिंडल किंवा पिन लेथवर अर्धा मिमी उतरवून त्या मापाचा बुश. दुसरा रस्ता स्वस्त पडतो पण स्पिंडल एल आकाराचा असल्यामुळे लेथच्या चकमध्ये धरायला त्रास देतो, चार जबड्यांचा फोर-जॉ चक असलेला आणि घाई न करणारा टर्नर शोधा, वागळे इस्टेट किंवा रबाळेत मिळतात.

हे सगळं उघडलंच आहे तर ग्रीस निपल, म्हणजे गनने ग्रीस भरायचं तोंड, बसवून घ्या, माझ्या मते या कामातली सगळ्यात फायद्याची सुधारणा हीच. ॲक्सलच्या नळीला दोन बुशच्या मधे ५ मिमी ड्रिल, एम६ चे आटे, त्यात निपल. पत्र्याचा ॲक्सल असेल तर आटे धरणार नाहीत, तिथे बाहेरून नट वेल्ड करून त्यात निपल लावा. ड्रिल बुश बसवायच्या आधी मारा आणि किस पूर्ण साफ करा.

स्पिंडलचा खांदा ॲक्सलला जिथे खालून टेकतो तिथे पुढचं सगळं वजन येतं. तिथला वायसर झिजून पातळ झालेला असतो आणि स्टिअरिंग जड लागायचं ते एक मुख्य कारण आहे. तिथे नीडल थ्रस्ट बेअरिंग टाका असं बरेच जण सुचवतील. चालतं ते, स्टिअरिंग एकदम हलकं होतं, पण वायसरसकट चार मिमीच्या आसपास जाडी वाढते आणि वर सर्क्लिपची खाच पुरेल का हे आधी बघावं लागतं. शिवाय खारघरच्या पावसात ते बेअरिंग उघडंच असतं, चिखल-पाणी लागून लवकर गंजतं. शाळेच्या मशीनवर मी कडक केलेले दोन वायसर एकमेकांवर, मधे भरपूर ग्रीस, एवढंच करेन. ज्यांच्याकडे रोज मशीन पुसणारा माणूस आहे त्यांनी बेअरिंग टाकावं.

चाकाचे बुश बदलून बॉल बेअरिंग टाकणं मात्र मी सगळ्यांना सांगतो. पाऊण इंची भोक आणि बाहेरून १ पूर्णांक ३/८ इंच असं कॉलरवालं बेअरिंग पुष्कळ पुढच्या चाकांना बसतं, दोन्हीकडे रबर सील असलेलंच घ्या. पण हबचं माप घेऊनच दुकानात जा. मुंबईत नागदेवीच्या बाजारात गेलात तर जुना बुश सोबत न्या, समोर ठेवलेला नमुना बघून माणूस बरोबर देतो.

आता लिंक आणि टाय रॉड. त्यांचे बॉल जॉइंट झिजले असतील तर तसेच नवे टाकता येतात किंवा रॉड एंड बेअरिंग (एका टोकाला फिरणारा बॉल, दुसऱ्याला आटे) बसवता येतात, बाहेरून एम१० चे आटे असलेले, पीओएस १० नंबरचे सहज मिळतात. १६ मिमीच्या ईएन८ पोलादी सळईला आतून एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे पाडा, उलट्या आट्यांचा पीओएसएल १० त्या टोकाला, दोन्हीकडे चेक नट. असं केलं की जॉइंट न सोडता नुसती सळई फिरवून लांबी कमी-जास्त करता येते, चाकं लाइनमध्ये आणताना याचा फार उपयोग होतो. आटे किमान १५ मिमी आत गेले पाहिजेत. बोल्ट ८.८ ग्रेडचा, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट, आणि बाहेरच्या बाजूला बॉलपेक्षा मोठा वायसर सक्तीने टाका, कारण उद्या बेअरिंग झिजून बॉल निसटला तर तो वायसर लिंकला अडवून धरतो, नाहीतर चालत्या मशीनचं एक चाक मोकळं सुटतं. रॉड एंड उघडे असतात, त्यात रेती जाते. वर्षानुवर्षं कोणी बघणार नसेल तर रबर बूटवाले बंद बॉल जॉइंटच चांगले, आणि तुमच्या शाळेच्या मशीनला मी तेच टाकेन.

गिअरकडे शेवटी यायचं. आधी पिनियनच्या वरचा, दांड्याचा खालचा बुश बदला. तो झिजला की दांडा बाजूला सरकतो, पिनियन सेक्टरपासून लांब जातो आणि दात फक्त टोकावर टोक टेकवून चालतात. दात खाण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि जुन्या बुशवर नवा सेक्टर लावला तर तोही तसाच झिजणार. बुश बदलल्यावर काही मशीनमध्ये लांबट भोकांतून किंवा शिम (पातळ पत्री) घालून सेक्टर पिनियनजवळ सरकवता येतो. सरकवताना मधल्या झिजलेल्या दातांवर घट्ट करू नका, टोकांच्या चांगल्या दातांवर बसवा, नाहीतर पूर्ण वळवताना स्टिअरिंग अडकेल. लिंकची लांबी बदलता येत असेल तर मशीन सरळ असताना शेजारचे न झिजलेले दात कामाला येतील असा सेक्टर एक-दोन दात सरकवता येतो, एका बाजूचं वळण थोडं कमी होतं एवढंच. काही सेक्टर दोन्ही बाजूंनी सारखे असतात, ते उलटे करून वापरता येतात, काढाल तेव्हा ते तपासा.

मधले दात टोकदार झाले असतील आणि सुटा भाग मिळत नसेल किंवा फार थांबावं लागत असेल तर ६ मिमीच्या ईएन८ प्लेटमधून वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) नवा सेक्टर कापून मिळतो. प्लेट कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळेल. कापणाऱ्याला नमुना देताना टोकाचे दात दाखवा, तिथे मूळ आकार शाबूत असतो, मधल्या दातांवरून माप घेतलं तर झीजच नव्या गिअरमध्ये कापली जाईल. आणि पिनियन नवाच टाका, जुना पिनियन नव्या सेक्टरचे दात खातो.

वेल्डिंगबद्दल माझं मत सरळ नाही असं आहे. भर टाकून ग्राइंडरने घासलेल्या दाताचा आकार बरोबर येत नाही, उष्णतेने प्लेट वाकते आणि वेल्डचे कडक ठिपके पिनियन खातात. पॉवर स्टिअरिंगही करू नका. या मशीनना वेगळा हायड्रॉलिक पंप नसतो, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) गिअरबॉक्समधलं तेल आतल्या आत फिरतं, तिथून लाइन काढता येत नाही. भंगारातल्या कारची इलेक्ट्रिक मोटर लावायचं म्हटलं तर ती जोर लागताना कितीतरी अँपिअर खेचते आणि मोवरच्या इंजिनचं चार्जिंग साधारण ३ ते १५ अँपिअरचं असतं. एवढं करून तो जोर जाणार कुठे, तर त्याच छोट्या सेक्टरच्या दातांवर. टायरची हवा बरोबर, खाली चांगले वायसर, पिनमध्ये ग्रीस, एवढ्यावर स्टिअरिंग एका हाताने फिरण्याइतकं हलकं होतं.

पैसे एकदम खर्च करता येत नसतील तर माझा क्रम असा: हवा आणि ढिले बोल्ट, दांड्याचा खालचा बुश, लिंकचे जॉइंट, स्पिंडलचे बुश आणि निपल, ॲक्सलची मधली पिन, चाकाचे बेअरिंग, आणि मग उरलेला प्ले मोजून गिअरचा निर्णय. रिमवर दोन-तीन बोटं प्ले उरला तर तो या मशीनसाठी ठीक आहे, त्याच्या मागे लागू नका.

सगळं बसवल्यावर चाकांची लाइन करावीच लागते. स्टिअरिंग सरळ ठेवून दोरीने बांधा. दोन्ही पुढच्या टायरच्या पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मधोमध खडूची खूण करा आणि अंतर मोजा. मशीन ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला आणा आणि पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक सूत, म्हणजे ३ मिमी कमी हवं, दोन सूतपर्यंत चालतं. चाकं बाहेर उघडलेली असतील तर मशीन भटकत राहतं, मग नवे भाग टाकूनही पट्टे वाकडेच येतात.

ग्रीस एपी-३ चालेल, पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी २५ तासांनी, गन मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. धुताना प्रेशर जेटचा फवारा या सांध्यांवर थेट मारू देऊ नका, पाणी चिखलाला आतच ढकलतं. धुतल्यावर लगेच गन मारायची सवय माळीदादांना लावा.

पहिली चाचणी ब्लेड बंद ठेवून, मैदान रिकामं असताना, सगळ्यात कमी वेगात घ्या. इंग्रजी आठच्या आकारात फिरा, दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना आणि लिंक चेसिसला लागत नाही ना ते बघा. पहिल्या तासाभराच्या कापणीनंतर सगळे नट पुन्हा पान्याने तपासा. आणि हे काम होईपर्यंत मैदानाच्या कडेच्या उतारावर मशीन नेऊ नका, चांगल्या स्टिअरिंगलाही बहुतेक कंपन्या १५ अंशांच्या वर जाऊ नका म्हणतात, आणि तुमच्याकडे तर आजूबाजूला मुलं असतात.

सीटखालच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो, तो लिहा आणि सेक्टरच्या मधल्या दातांचा जवळून घेतलेला फोटो टाका, शेजारी टोकाचा दात दिसेल असा, म्हणजे तो सेक्टर सरकवून चालेल की नवाच लागेल ते बघून सांगतो.